वाऱ्यावरचे यंत्र, वाऱ्यावर सोडू नका

गणपती पाण्यात गेले की बेळगाव परिसरातल्या गॅरेजांना खरा हंगाम लागतो. पावसाळाभर ओलीमुळे रंगकाम अडलेले असते. आता दिवाळीच्या आत गाडी चकचकीत हवी, असा प्रत्येकाचा तगादा! उद्यमबाग, मच्छे, पिरनवाडी, तिकडे खानापूर नि चंदगडपर्यंत रस्त्याकडेच्या कुठल्याही पत्र्याच्या शेडजवळ क्षणभर थांबा. कॉम्प्रेसरची धडधड आणि तिच्यावर चढलेली एक बारीक गुणगुण कानी पडेल. सुतारांच्या दुकानांतही आता तोच आवाज आहे. एअर सँडर, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारे घासयंत्र, आपल्या भागात चांगलेच रुळले आहे.

या सदरात आपण दर आठवड्याला एखाद्या हत्याराची ओळख करून घेतो. सँडरवर लिहायचे मनात होतेच, पण निमित्त झाले एका वाचकभगिनीच्या पत्राचे. त्यांचा मुलगा आयटीआय करून दोन वर्षे दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये राबला आणि आता घरामागच्या शेडमध्ये त्याने स्वतःचे डेंटिंग-पेंटिंग सुरू केले आहे. कर्ज काढून कॉम्प्रेसर आणि सँडर घेतला. त्या लिहितात, ‘काम चौपट होते म्हणतो, पण मशीन दोन मिनिटे चालून दमते. तो रात्री खोकतो. त्याचे कपडे धुताना बादलीच्या तळाशी पांढरा गाळ बसतो. मशीन वाईट आहे की वापर चुकतो?’

ताई, मशीन वाईट नाही. तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. मशीनचे दमणे हा हवेच्या हिशेबाचा प्रश्न आहे. खोकला आणि बादलीतला गाळ हा मात्र धुळीचा प्रश्न आहे, आणि तो जास्त गंभीर आहे. म्हणून आधी हिशेब उरकू आणि मग धुळीकडे वळू.

यंत्र चालते कसे?

सँडरमध्ये विजेची मोटर नसते. आत एक लहान नळकांडे, त्यात फिरणारा गोल गाभा आणि गाभ्याच्या खाचांत चार-पाच पातळ पाती असतात. दाबाखालची हवा पात्यांना ढकलते, गाभा फिरतो आणि खालची गादी फिरू लागते. गॅरेजमध्ये ज्याला ‘डीए’ म्हणतात, त्या सँडरची गादी स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी लहान लहान वर्तुळेही काढते. त्यामुळे एकाच जागी चर पडत नाही. मोकळे असताना हे यंत्र मिनिटाला दहा ते बारा हजार फेरे घेते. पाच मिलिमीटर झोक्याचे यंत्र पुट्टी उतरवायला चांगले, अडीच मिलिमीटर झोक्याचे शेवटच्या सफाईला.

विजेच्या सँडरपेक्षा हे हलके असते, तापत नाही, आणि पाणी लावून घासताना हातात शॉक बसण्याची भीती नाही. पण हवा पुरली तरच हे सगळे गुण दिसतात.

दोन मिनिटांत का दमते?

यंत्राच्या खोक्यावर हवेचा खप बहुधा कमी लिहिलेला असतो, कारण तो थांबतथांबत वापर धरून काढलेला सरासरी आकडा असतो. सहा इंची डीए सँडर सलग चालवला तर मिनिटाला साधारण बारा घनफूट किंवा त्याहून जास्त हवा खातो. आणि कॉम्प्रेसर? एका एचपीमागे प्रत्यक्षात मिळते तीन ते चार घनफूट. म्हणजे दोन एचपीचा कॉम्प्रेसर सहा-सात घनफूट देणार.

आता टाकी १६० लिटरची धरा. दाब आठ बारवरून सहा बारवर उतरेपर्यंत तिच्यातून ३२० लिटर, म्हणजे सुमारे सव्वाअकरा घनफूट हवा मिळते. मिनिटाला सहा घनफुटांची तूट असेल तर ही शिल्लक दोन मिनिटांत संपते! त्यानंतर फेरे मंदावतात, मुलगा यंत्र दाबून धरतो, आणि दाबले की ते आणखी मंदावते. सलग काम करायचे तर पाच एचपीच्या आसपासचा कॉम्प्रेसर लागतो. तो परवडत नसेल तर दोन एचपीवर मिनिटभर घासावे आणि टाकी भरू द्यावी. तेवढ्यात पेपर झटकावा, पृष्ठभागावरून हात फिरवून पाहावा. मोठा कॉम्प्रेसर घेण्याऐवजी कमी हवेवर चालणारा लहान गादीचा सँडर घेणे हाही एक शहाणपणाचा मार्ग आहे.

दुसरी गळती पाइपमध्ये असते. पाव इंची पाइप स्वस्त म्हणून घेतला जातो. तीन अष्टमांश इंची पाइपची आतली वाट त्याच्या सव्वादोन पट असते. टाकीवरचा काटा १२० पौंड दाखवतो आणि यंत्राच्या तोंडाशी ६० पौंडही पोचत नाहीत, असे याच कारणाने होते. बहुतेक सँडरना तोंडाशी ९० पौंड, म्हणजे सुमारे सव्वासहा बार दाब लागतो. हा दाब यंत्र चालू असताना मोजायचा. बंद यंत्रावरचा आकडा फसवा असतो. आणि काम लवकर व्हावे म्हणून ९० च्या वर चढवू नये. पाती झिजतात, आणि पेपर सुटून उडू शकतो.

पाणी काढा, तेल द्या

आपल्याकडच्या हवेत पावसाळ्यात किती ओल असते, हे आंबोली-खानापूर पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. हवा दाबली की ती ओल पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. रोज संध्याकाळी दाब उतरवून तळाचा कॉक उघडावा. पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ उघडावा. हे पाणी यंत्रात गेले तर पाती गंजलेल्या भिंतीवर अडकतात. टाकीतच राहिले तर पत्रा आतून खात जाते, आणि बाहेरून रंग ताजा दिसत असला तरी अशी टाकी एक दिवस फुटते. टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह हा तिचा प्राण. तो गळतो म्हणून बूच ठोकणारे महाभाग असतात. गळत असेल तर नवा बसवा, पण बंद करू नका. पट्ट्यावर जाळी हवी, मोटरला अर्थिंग हवेच.

टाकीनंतर पाणी गाळणारा फिल्टर आणि दाब ठरवणारा रेग्युलेटर बसवावा. तेलाचे म्हणाल तर काम सुरू करण्यापूर्वी यंत्राच्या हवेच्या तोंडात एअर टूलचे तेल चार-पाच थेंब सोडावे आणि काही सेकंद ते फडक्यात धरून चालवावे. संध्याकाळी पुन्हा चार थेंब. इंजिन ऑइल घालू नये. ते दाट असते, आत चिकटा धरतो. सँडरचा तेलकट पाइप रंगाच्या गनला कधीही जोडू नये. रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात आणि दिवसभराचे काम पुन्हा घासावे लागते. दोन कामांना दोन पाइप, हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा.

जोडण्याचा आणि चालवण्याचा क्रम

१. आधी यंत्राची कळ बंद आहे हे पाहावे, मगच पाइप जोडावा. कळ दाबलेली असताना कपलर बसला तर यंत्र हातातून उसळते.

२. पेपर बदलताना पाइप काढलेला असावा. पेपर गादीच्या बरोबर मध्यावर आणि भोकावर भोक येईल असा लावावा. एका बाजूला सरकलेला पेपर यंत्राला झोके देतो.

३. यंत्र पृष्ठभागावर ठेवून मग कळ दाबावी. हवेत पूर्ण वेगाने फिरवून खाली टेकवले तर पत्र्यावर चंद्रकोरीचे ओरखडे उठतात.

४. गादी सपाट ठेवावी, कडेवर उभी करू नये. यंत्राचे वजन पुरेसे आहे, वरून रेटू नये. सेकंदाला इंचभर अशा सावकाश चालीने फिरवावे आणि आधीच्या पट्ट्यावर निम्मे चढवत पुढे जावे.

५. पेपरचे नंबर क्रमाने चढवावेत. पुट्टीला ८०, मग १२०, मग १८०. प्रायमरवर ३२० आणि ४००. ८० वरून एकदम ४०० वर उडी मारली की जुने ओरखडे रंगाखालून वर येतात.

६. पाइप काढताना आधी हवेचा कॉक बंद करावा, कळ दाबून पाइपमधली हवा सोडावी, मग कपलर उघडावा. भरलेला पाइप सुटला की सापासारखा फटकारतो आणि डोळाच गाठतो.

डोळ्यांवर बंद चष्मा हवा. हातात अंगठी, मनगटात घड्याळ किंवा सैल दोरा नको. गळ्यातला रुमाल आणि लोंबती बाही आवरून घ्यावी. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर कानात बोळे घालायची वेळ झाली आहे, असे समजावे.

धूळ : खरी गोष्ट इथून पुढे

आता बादलीतल्या गाळाकडे येऊ. डोळ्यांना दिसणारी धूळ नाकातच अडकते, शिंकेबरोबर बाहेर येते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. चार-पाच मायक्रॉनहून बारीक कण मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतो. हाताने घासताना निघते त्यापेक्षा कितीतरी बारीक आणि कितीतरी जास्त धूळ यंत्र उडवते. काम चौपट झाले याचा अर्थ धूळही चौपट झाली, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. ते दिसते घरच्या बादलीत.

ही धूळ कशाची आहे यावर धोका ठरतो. गाडीच्या पुट्टीत पॉलिएस्टरची राळ आणि शंखजिरे असते. छाती भरते, खोकला लागतो. दोन भागांचा रंग, ज्यात हार्डनर मिसळावा लागतो, त्यात आयसोसायनेट असते. तो रंग पुरता सुकण्याआधी घासला किंवा मास्कविना फवारला तर दमा लागू शकतो. एकदा अंगाला ते सोसेनासे झाले की पुढे थोड्याशा वासानेही श्वास कोंडतो. अशा माणसाला धंदाच बदलावा लागतो.

सुतारकामाची धूळ ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धास्त राहू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली, ती १९९५ मध्ये. नाक आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांना तिचा धोका असतो. शिसवीच्या धुळीने अनेकांच्या अंगावर खाज उठते, हे आपल्या सुतारांना ठाऊक आहे. खानापूरच्या फर्निचरवाल्यांपासून सावंतवाडीच्या चितार आळीतल्या लाकडी खेळण्यांच्या कारागिरांपर्यंत सर्वांनी हे ध्यानात घ्यावे.

सगळ्यांत वाईट धूळ वाळूची, म्हणजे गारगोटीची. बेळगावच्या फाउंड्र्यांत ओतीव कामाला चिकटलेली वाळू याच हवेच्या हत्यारांनी काढली जाते. त्या धुळीने सिलिकोसिस होतो. फुप्फुसात गाठी धरतात आणि त्या परत विरत नाहीत. रोग बरा करणारे औषध नाही. क्षयाचा धोका वाढतो, आणि पुष्कळदा सिलिकोसिसच क्षय समजून वर्षानुवर्षे चुकीचे औषध चालते. म्हणून अशा कामावरच्या माणसाचा खोकला लांबला तर डॉक्टरांना आपला धंदा आवर्जून सांगावा. ‘मी फाउंड्रीत घासकाम करतो’ हे एक वाक्य छातीच्या फोटोइतकेच मोलाचे आहे.

मग करायचे काय?

पहिला उपाय, धूळ उठूच न देणे. शेवटची सफाई पाणीपेपरने हातानेच करावी. पाण्याचा राडा सुकण्याआधी पुसून घ्यावा, सुकला की त्याची पुन्हा धूळच होते. दुसरा उपाय, उठली तर जागीच ओढून घेणे. भोकांची गादी आणि पिशवी असलेला किंवा व्हॅक्युमला जोडता येणारा सँडर थोडा महाग पडतो, पण पहिली बचत त्यावरच खर्च करावी. शेड दोन्ही बाजूंनी उघडी ठेवावी आणि वारा आपल्या पाठीकडून येईल असे उभे राहावे. कॉम्प्रेसर मात्र धुळीत किंवा थिनरच्या वासात ठेवू नये, तो तीच हवा ओढतो.

मास्क हा तिसरा उपाय, पहिला नव्हे. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही. २०२० च्या कोरोनानंतर एन-९५ हे नाव घरोघरी पोचले आहे. तोच मास्क किंवा भारतीय मानक आयएस ९४७३ चा एफएफपी-२ घ्यावा. नाकावरची पट्टी दाबून बसवावी. दाढी वाढलेली असेल तर मास्क गालाला चिकटत नाही आणि कडेने धूळ आत जाते. आणखी एक गोष्ट, धुळीचा मास्क थिनरची वाफ किंवा आयसोसायनेट अडवत नाही. दोन भागांचा रंग फवारताना स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच हवा. तो नसेल तर तसे काम घेऊ नये.

चौथा उपाय ताईंच्या हातात आहे. कामाचे कपडे शेडमध्येच उतरवावेत. ते झटकू नयेत, घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, वेगळ्या बादलीत आधी भिजवून मग धुवावेत. अंघोळ केल्याशिवाय लहान मुलाला मांडीवर घेऊ नये. शेडमध्ये झाडू मारण्याऐवजी ओले फडके फिरवावे.

जुना दरवाजा घासण्यापूर्वी

सँडर घरात आला की लोक जुनी दारेखिडक्या आणि लोखंडी ग्रिलही घासून द्यायला सांगतात. शहापूरच्या वाड्यांत काय किंवा गोव्याच्या जुन्या घरांत काय, रंगाचे थर पिढ्यान्‌पिढ्यांचे असतात. घरगुती रंगातले शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा आपल्याकडचा नियम २०१६ चा, आणि तो लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात शिसे आहे असेच धरून चालावे. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते, आणि शिशाची निर्धोक अशी कोणतीही मात्रा नाही. असा रंग यंत्राने कोरडा घासू नये. खाली प्लास्टिक अंथरून, पाणी मारत, हाताने खरवडावा. मुले आणि गरोदर बाई त्या दिवशी दुसऱ्या घरी असावीत.

बोटांना मुंग्या येतात?

हवेच्या हत्याराची आणखी एक खोड थरथरीची. अमेरिकेत इंडियाना राज्यात चुनखडक घडवणारे कामगार हवेचे हातोडे वापरत. थंडीत त्यांची बोटे पांढरीफटक पडत. डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये ते प्रत्यक्ष पाहून नोंदवले. सँडरची थरथर हातोड्याइतकी नसते, पण दिवसचे दिवस चालवला तर बोटे बधिर होतात, शर्टाचे बटण लावणे जड जाते. रात्री मुंग्या येऊ लागल्या की तो इशारा समजावा. यंत्र घट्ट आवळून धरू नये. झिजलेली गादी लगेच बदलावी, आणि तीही त्याच यंत्राच्या मापाची व वजनाची घ्यावी. अर्ध्या तासाने हातातले काम बदलावे. थंड सकाळी हात शेकून सुरुवात करावी. विडी-सिगारेटने बोटांच्या रक्तवाहिन्या आखडतात, तीही या कामात दुहेरी नडते.

हवेशी थट्टा नको

शेवटचे आणि सर्वांत कळकळीचे. काम संपल्यावर अंगावरची धूळ हवेच्या पाइपने उडवायची सवय सर्रास दिसते. ती सोडा. त्या दाबाने कानाचा पडदा फाटतो, डोळ्यात कण घुसतो, जखमेतून हवा शरीरात शिरते. आणि पोरे एकमेकांच्या अंगावर गमतीने पाइप धरतात, तो प्रकार तर जिवावरच बेततो. शरीरात हवा सोडण्याच्या अशा ‘गमती’तून तरुण कामगार दगावल्याच्या बातम्या आपल्या देशात पुन्हा पुन्हा आल्या आहेत. आतडे फाटायला क्षण पुरतो. गॅरेजमालकांनी पहिल्याच दिवशी नव्या पोऱ्याला हे बजावून सांगावे.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. कॉम्प्रेसरवर हळदकुंकू आणि झेंडूची माळ असतेच. त्याआधीचा एक दिवस वार्षिक तपासणीचा ठरवून टाका. पाइप तडकला असेल तर बदला, गादी बदला, सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून तो मोकळा आहे का ते पाहा, टाकी जुनी असेल तर जाणकाराकडून दाबावर तपासून घ्या. ताई, चिरंजीवांचा खोकला तीन आठवड्यांच्या वर गेला असेल तर मात्र खंडेनवमीची वाट पाहू नका, छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. सोबत त्यांच्या पुट्टीचा आणि रंगाचा डबाही न्या, लेबल वाचले की डॉक्टरांना नेमके काय ते कळेल.

पुढील आठवड्यात : रंगाची गन कशी धुवावी, आणि उरलेले थिनर गटारात का ओतू नये.